कोंबुचाच्या टाकीसाठी डीएस१८बी२० प्रोब: प्रोब चोख, पण नळीशिवाय घेऊ नका

स्टीलच्या टाकीत कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, करणाऱ्यांना आमची शिफारस तापमान मोजणाऱ्या डीएस१८बी२०च्या वॉटरप्रूफ प्रोबची. इंदुरात महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे विचारा. ६ मिमी जाडीची, ५० मिमी लांबीची स्टीलची डबी, आत डिजिटल सेन्सर; -१० ते ८५ अंशांत चूक अर्ध्या अंशाच्या आत. एसटीसी-१००० या तयार तापमान-कंट्रोलरसोबत येणाऱ्या प्रोबपेक्षा हा सरस. मात्र त्या कंट्रोलरला हा जोडता येत नाही, त्याला एनटीसीच, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा साधा सेन्सर, लागतो. याला अर्डुइनोसारखा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड हवा आणि डेटा व पुरवठ्याच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. आकडा एकदम ८५ दाखवला तर टाकी तापलेली नसते, सेन्सरला मोजायला वेळ किंवा नीट वीज मिळालेली नसते. -१२७ आला तर तार सुटली आहे.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर मात्र विसंबू नका. डबीच्या मागे, तार बाहेर पडते तिथे, नुसती श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आकसणारं प्लास्टिकचं वेष्टण) असते. आंबट द्रवात प्रोब आठवडाभर बुडवून ठेवला की तिथूनच ओल शिरते आणि आकडे उड्या मारू लागतात. म्हणून टाकीच्या भिंतीतून आत जाणारी बंद तोंडाची नळी, म्हणजे थर्मोवेल, हवीच. सांवेर रोडच्या वर्कशॉपमधून ३०४ स्टीलची करून घ्या: आतला व्यास ७ मिमी, बाहेरचा ९, टाकीच्या आत किमान १०० मिमी लांबी, आर्गन वेल्डिंग. नळी आखूड ठेवली की मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीची उष्णता धातूतूनच टोकापर्यंत पोचते. टाकी २६ला असताना प्रोब २८ सांगतो, कूलर विनाकारण चालतो आणि कोंबुचा रेंगाळतो. नळी वरून सोडू नका, वरचा स्कोबी, म्हणजे कोंबुचा आंबवणारा जिवाणू-यीस्टचा जाड थर, फाटतो. बाजूनं, द्रवाच्या मध्यावर बसवा. आत हवा राहिली तर आकडा मागे पडतो, तेव्हा खाण्याच्या दर्जाचं ग्लिसरीन घाला, पण श्रिंक ट्यूब कोरडी राहील इतकंच. काँप्युटरची थर्मल पेस्ट इथे नको, नळी गळली तर ती पेयात जाईल.

बसवण्याआधी तपासणी. कुटलेल्या बर्फानं पेला गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, पाच मिनिटं ढवळत राहा. आकडा शून्याच्या आसपास हवा. जो फरक येईल तो प्रोग्रॅममध्ये वजा करा. पाणी जास्त झालं की तळाशी ४ अंशांचं पाणी साचतं आणि चांगला प्रोब वाईट ठरतो. उकळत्या पाण्यात १०० शोधू नका: इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या थोडं वरच उकळतं. त्यापेक्षा ३८ अंशांच्या कोमट पाण्यात तापाच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहा. कोंबुचाचं काम २४ ते २८ अंशांत चालतं, त्यामुळे ही तपासणी जास्त उपयोगाची.

घेताना मागची श्रिंक ट्यूब नखानं दाबून पाहा. ती सैल असेल तर दुसरा प्रोब मागा.