एसीई पद्धतीच्या ख्रिस्ती शाळांतली शिस्त: घेण्याआधी काय पारखावं

अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन, म्हणजेच एसीई, ही पद्धत १९७० मध्ये डोनाल्ड हॉवर्ड यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सुरू केली. ती घेणारी शाळा नुसती पुस्तकं घेत नाही, मुलांनी कसं बसायचं, कधी उठायचं, चुकलं तर काय, ही सगळी घडीही सोबत येते. त्यामुळे अभ्यासक्रमाइतकीच ही शिस्तही पारखून घ्यायला हवी.

इथे फळ्यासमोर उभं राहून कुणी शिकवत नाही. प्रत्येक मूल भिंतीकडे तोंड करून बसतं, दोन्ही बाजूंना आडोसे असतात. या जागेला ‘ऑफिस’ म्हणतात. ‘पेस’ नावाच्या पुस्तिका मुलं आपापल्या गतीने सोडवतात. साधारणपणे एका विषयाच्या वर्षाला १२. बोलणं, मागे वळणं, न विचारता उठणं याला मनाई. काही हवं असेल तर ऑफिसवर छोटा झेंडा लावायचा. अभ्यासातली अडचण सुपरवायझर बघतात, उठण्याची किंवा उत्तरं तपासायला जाण्याची परवानगी मॉनिटर देतात (हेही मोठं माणूसच, वर्गातलं मूल नव्हे). दोघांसाठी झेंडे वेगळे. गोंगाट नाही, ढकलाढकली नाही. सहज विचलित होणाऱ्या मुलाला ही शांतता खरोखर मानवते.

रोज प्रत्येक विषयाची किती पानं करायची, हे मूल स्वतः ‘गोल कार्डा’वर, म्हणजे दिवसाच्या उद्दिष्टांच्या कार्डावर, लिहितं. राहिलेलं काम गृहपाठ म्हणून घरी जातं. ही सवय मला या पद्धतीतली सर्वांत मोलाची वाटते, पण सुरुवातीला सुपरवायझरने कार्ड रोज मुलाबरोबर बसून भरून घेतलं तरच. नाहीतर मुलं सोप्या विषयाची पानं भरमसाट लिहितात आणि गणित मागे पडत जातं.

खरी कसोटी लागते ती स्वतःचं काम स्वतः तपासण्यात. पेन्सिल जागेवर ठेवून उत्तरसूची असलेल्या जागी, म्हणजे स्कोअरिंग स्टेशनवर जायचं, तिथल्या लाल पेनाने उत्तरं ताडून पाहायची, चुकलेल्यापुढे फुली मारायची, जागेवर येऊन सुधारायचं, पुन्हा जाऊन तपासायचं आणि आता बरोबर असेल तर फुलीभोवती गोल करायचा. न मारलेली फुली किंवा उत्तरसूचीतून उतरवलेलं उत्तर सापडलं, की त्याची नोंद नियमभंग म्हणून होते. इथेच घोळ होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेतून एखादी चूक निसटणं आणि मुद्दाम नक्कल करणं यात फार अंतर आहे. डिमेरिटच्या, म्हणजे नियमभंगाच्या नोंदीच्या, चिठ्ठीवर दोन्ही सारखीच दिसतात. निष्काळजीपणाला अप्रामाणिकपणाचा शिक्का बसला, की मूल चूक लपवायला शिकतं. चांगली शाळा या दोन्हींची नोंद वेगळी ठेवते आणि पहिल्या प्रकाराला शिक्षा न करता ते पान शेजारी बसून पुन्हा तपासून घेते.

नक्कल वाढण्याचं कारणही बहुतेकदा मुलात नसतं. झेंडा लावून मूल थांबलेलं असतं आणि मोठं माणूस येत नाही. हात रिकामे, बोलायची बंदी, पुढचं कळत नाही; अशा वेळी शेजाऱ्याशी कुजबुज होते नाहीतर उत्तरसूचीचा आधार घेतला जातो. खोलीत मुलं जास्त आणि मोठी माणसं कमी असतील, तर डिमेरिट वाढणारच. त्याचा दोष मुलांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

डिमेरिट ठरावीक आकड्यापर्यंत गेले, की शाळा सुटल्यावर डिटेंशन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं. तिथे नुसतं गप्प बसवण्यात वेळ वाया जातो. जे पान बिघडलं तेच तिथे नीट करून घ्यावं. उलट बाजूला मेरिट, म्हणजे चांगल्या कामाची नोंद, आणि ए, सी, ई अशा सवलतींच्या पायऱ्या आहेत. जास्तीचं काम आणि बायबलमधले उतारे पाठ करणं हे वर चढायचे मार्ग. मोठ्या मुलांना यातली मोकळीक हवीशी वाटते. मात्र शास्त्रवचन बक्षिसासाठी पाठ होत असेल, तर निदान त्यावर गप्पा व्हायला हव्यात. वचन शिक्षा म्हणून लिहायला लावणं तर पूर्ण बंद असावं.

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातल्या छडीच्या वचनावरून मारझोडीचं समर्थन आजही कुठे कुठे ऐकू येतं. इंग्लंडमध्ये काही ख्रिस्ती शाळा आणि पालक या मुद्द्यावर न्यायालयात गेले होते. शाळेत मार देऊ द्यावा ही त्यांची मागणी २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फेटाळली. नियमावलीत माराची सोय असेल, तर ती शाळा घेऊ नये.

चाचणीचा एक नियम प्रवेशाआधीच विचारून घ्या. पेस पूर्ण झाल्यावर ती जमा करायची आणि चाचणी दुसऱ्या दिवशी. उत्तीर्ण व्हायला साधारण ८० टक्के लागतात. नापास झाल्यास तीच पुस्तिका नव्याने सोडवावी लागते. नव्या प्रतीचा खर्च कुणाकडे?

जमलं तर चालू वर्गात अर्धा तास मागे बसा. झेंडा लागल्यापासून कुणी पोचेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. मग शाळेकडे गेल्या महिन्याच्या डिमेरिटची कारणं मागा, मुलांची नावं झाकून. कुजबुज आणि तपासणीतल्या चुका यांचीच गर्दी असेल, तर आधी मोठ्या माणसांची संख्या वाढवायला सांगा.