फोर्ट कोचीला मासळी घेताय? आधी काटा बघा

दिवाळीत निम्मं बडोदं गावाला जातं, आणि यंदा आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचं केरळ ठरलंय. म्हणून गेल्या दिवाळीत कोचीत आमच्याशी काय झालं ते सांगून ठेवतो.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत, दगडांच्या वजनावर तोललेली. शेजारी मासळीचे ठेले. मासा आपण निवडायचा, ठेलेवाल्याचा पोऱ्या तो मागच्या खानावळीत नेतो आणि शिजून ताटात येतो. सोय झकास आहे. पण त्या जाळ्यांत बहुतेक बारीक मासळीच लागते. ठेल्यावरचा मोठा माल बराचसा दुसऱ्या बंदरावरून येतो. "साहब, अभी सामने के जाल से निकला है" असं कानावर आलं की पुढे दर चढणार हे समजावं.

वहिनींनी तांबोशी निवडली, लाल सालीचा मासा. कल्ले उघडून पाहिले, लालबुंद. मासा ताजाच होता, त्यात खोट नाही. पाटीवर नुसतं ७०० लिहिलेलं. "किलोचे ना?" विचारलं तर ठेलेवाल्याने मान डोलावली. मासा पाणी साचलेल्या प्लॅस्टिकच्या टबात, टब तसाच काट्यावर, आणि आकडे त्याच्या बाजूला. टबाचं वजन वजा करायचं नावच नाही. "दो किलो!"

अर्ध्या तासाने केळीच्या पानात भाजलेले तुकडे आले. वहिनींनी एका तुकड्यावरचा मसाला बोटाने बाजूला सारला. खाली करडी साल. तांबोशीची साल शिजली तरी अशी होत नाही. "आणि डोकं कुठंय?" वाढणारा म्हणाला, फेकलं. केरळात! जिथे माशाच्या डोक्याचं कालवण लोक आवडीने मागवून खातात, तिथे हा गडी डोकं फेकतो.

मग हिशेब आला, खोक्याच्या पुठ्ठ्यावर. ७०० अर्ध्या किलोचे निघाले, म्हणजे माशाचे २८००. शिजवण्याचे किलोला ४०० धरून आणखी ८००. खरी मेख इथेच आहे: टब आणि पाण्यासकटचं वजन दोन्हीकडे लावलेलं, एकाच खोट्या वजनाचे पैसे दोनदा. रिकामा टब तोलून दाखव म्हटलं तर काट्याची बॅटरी संपली! दादांनी पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवायला घेतला, तेव्हा ३६०० चे २४०० झाले. तेही जास्तच होते, पण मुलं पेंगुळली होती.

सगळेच ठेलेवाले असे नाहीत. दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला साध्या खानावळीत कप्पा (उकडलेला टॅपिओका कंद) आणि मीन करी, म्हणजे माशाचं कालवण, जेवलो. दर भिंतीवर, बिल छापील, चव या सगळ्या प्रकारापेक्षा दसपट बरी.

तरी ठेल्यावरच घ्यायचा असेल तर दर किलोचा की अर्ध्याचा ते कागदावर लिहून घ्या. रिकामा टब ठेवून काटा शून्यावर आणायला लावा, नाही म्हणाला तर पुढचा ठेला बघा. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असायला हवा, तोही पाहा. शिजवण्याचे पैसे आधी ठरवा, डोक्यासकट मासा हवा हे बजावा, आणि पोऱ्याच्या मागोमाग घरातलं कुणीतरी चुलीपर्यंत जाऊ द्या. आमच्याकडे हे काम वहिनींनी मागून घेतलंय, त्या यंदा गोव्याला चालल्यात.