गादी तर घेतली, पण खाली काय? बॉक्स पलंग, पट्ट्या, लोखंडी की आपली बाज

लोकं गादी निवडायला महिना लावतात आणि मग ती टाकतात जुन्या सागवानी पलंगावर, ज्याच्या दोन फळ्यांमधून हाताचा पंजा सहज खाली जातो. तो पलंग कापसाच्या गादीसाठी बनलेला, फोम त्यावर दोन-तीन वर्षात फटीफटीतून खाली दबतो आणि शिव्या मात्र गादीवाल्याला.

आता जळगाव-धुळ्याकडं कुठल्याही फर्निचरच्या दुकानात शिरा, आधी बॉक्स पलंगच दाखवतील. फायदा खरा आहे, गोधड्या, पाहुण्यांच्या उशा, आंदणातली न वापरलेली भांडी सगळं पोटात जातं, आणि वर सपाट प्लाय असल्यानं काथ्याची गादी घ्या, फोमची घ्या नाहीतर स्प्रिंगची, सरळ बसते. अडचण हवेची. आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा 45 च्या आसपास, रात्रभर कुलर चालू, आणि कुलर म्हणजे पाण्यावरचीच थंड हवा, खोली बंद असली की दमट होणारच, त्यात अंगाचा घाम, आणि ही ओल फोममधून खाली उतरून प्लायवर अडते. पावसाळ्यात गादी उचलून बघा, बऱ्याच घरात खाली काळे ठिपके दिसतील. म्हणून बॉक्सच हवा असेल तर सुताराला सांगून प्लायला इंचभराची भोकं ठिकठिकाणी पाडून घ्या, वरून सनमायका लावू देऊ नका, आणि प्लायवर आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघा, तो प्लाय पाण्याला टिकणारा. पार्टिकल बोर्ड ओल लागली की फुगतो, तो स्वस्तात मिळाला तरी नको.

फोम, लॅटेक्स किंवा स्प्रिंगची गादी असेल तर माझं मत प्लायऐवजी थोड्या थोड्या अंतरावर पट्ट्या बसवलेल्या पलंगाच्या बाजूनं आहे, खालून हवा खेळते ना. फक्त दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचाच्या वर नको, आणि पलंग पाच-सहा फूट रुंद असेल तर मधे आडवा-उभा आधार आणि त्याला जमिनीपर्यंत टेकणारा पाय पाहिजेच, नाहीतर दोघंही मधे घसरत येतात. घरात सागवानी पलंग असेल तर नवीन कशाला घेता, फटींमधे आणखी फळ्या ठोकून घ्या, सगळ्यात स्वस्त काम तेच.

लोखंडी पलंग भाड्यानं राहणाऱ्यांसाठी एकदम बेस्ट. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात बदली झाली की नट-बोल्ट खोलायचे न टेम्पोत टाकायचे, वाळवीचीही कटकट नाही. पण वर नुसती जाळी असेल तर फोम झोळीसारखा लटकतो, त्यावर भोकं पाडलेला प्लाय टाका. कुरकुर बोल्ट ढिले झाल्यामुळंच होते बहुतेक वेळा, पाना फिरवला की गप्प.

बाजेबद्दल विचारणारे असतातच. गच्चीवर उन्हाळ्यात बाजेसारखं सुख नाही, पण कापसाच्या गादीसोबत. फोम किंवा स्प्रिंग तिच्यावर टाकली की मधे वाकून खराब होते, नवारीच्या पलंगाचंही तेच. जमिनीवर गादी टाकणार असाल तर रोज सकाळी उभी करून ठेवा, बस.

वॉरंटी कार्ड मात्र नीट वाचा, बऱ्याच कंपन्या खालचा आधार बरोबर नसेल तर क्लेम देत नाहीत, तेव्हा पलंगाचे फोटो मागतात.

उंचीचं कुणी बघतच नाही. बॉक्स दीड फुटाचा न वर आठ इंची गादी म्हणजे 26 इंच झाले, आजीचे पाय लोंबकळणार. घरात म्हातारी माणसं असतील तर गादी धरून 20-22 इंच बरं, बसल्यावर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. आणि पलंग आधीच घरात असेल तर दुकानात जायच्या आधी आतल्या बाजूनं टेप लावा, कारण गाद्या 72, 75 आणि 78 इंच अशा तिन्ही लांबीत येतात आणि सुतारानं बनवलेला पलंग कधीकधी यातल्या एकाही मापाचा नसतो, मग कट साईज सांगून बनवून घ्यावी लागते.