टॅलीप्राइमचा कॅश फ्लो रिपोर्ट : रोकडीला चांगला, धंदा जोखायला अपुरा

सांगली मार्केट यार्डातल्या अनेक पेढ्यांचे हिशोब टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर असतात. ऑल्ट-जी दाबून कॅश फ्लो उघडला की महिनावार आवक-जावक दिसते, महिन्यावर एंटर मारला की ग्रुपवार तपशील. रोकड कधी आटते हे पाहायला झकास. पण विक्रीची वसुली आणि बँकेचं टर्म लोन (हप्त्यांनी फेडायचं मुदत कर्ज) दोन्ही आवकेतच बसतात. मूळ धंद्यातून पैसा सुटतोय का, हे स्वतःच काढावं लागतं. रोजच्या कामाला पाचपैकी चार, या कामाला दोन.

ते असं काढा : बॅलन्स शीट उघडा, ऑल्ट-सीने मागच्या वर्षाचा कॉलम लावा. समजा, हळद पावडरीच्या एका युनिटचा करानंतरचा नफा 40 लाख. त्यात घसारा (यंत्रांची झीज, यात रोख जात नाही) 12 आणि कर्जाचं व्याज 8 मिळवा, झाले 60. येणी 45 ने वाढली, माल 38 ने : एवढा पैसा अडकला. देणी 22 ने वाढली : तेवढा हातात राहिला. म्हणजे 60 वजा 83 अधिक 22 : उणे 1 लाख. तरी खात्यात पैसा खेळताना दिसतो, कारण माल आणि येणी वाढली की ड्रॉइंग पॉवर (बँक किती उचलू देते ती मर्यादा) वाढते आणि सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यातून, उचल होते. सीसीची दोन्ही तारखांची बाकी वेगळी लिहा. ती वाढली असेल तर ते कर्जच, कमाई नव्हे.

सांगलीची खास गोची म्हणजे 31 मार्च ऐन हंगामात येतो. बेदाणा कोल्ड स्टोरेजला लागत असतो, हळदीचे सौदे जोरात. हंगाम पंधरा दिवस मागेपुढे झाला किंवा भाव चढला, तरी मालाचा आकडा उसळतो. म्हणून या आकड्याची सलग तीन वर्षांची बेरीज पाहा. सप्टेंबरची मार्चशी तुलना तर नकोच.

टॅलीत इन्व्हेंटरी (मालाची नोंद) हिशोबाशी जोडलेली नसेल तर क्लोजिंग स्टॉक (अखेरचा शिल्लक माल) हाताने भरावा लागतो. तो फक्त मार्चअखेर भरला असेल, तर मधल्या महिन्यांचा नफा धरू नका. पार्टीच्या लेजरला (खात्याला) बिल-बाय-बिल, म्हणजे प्रत्येक बिलाची वेगळी नोंद, चालू नसेल, तर उधारी किती जुनी हेही कळत नाही.

शेवटी ताळा : धंद्याच्या आकड्यातून (वरच्या उदाहरणात उणे 1 लाख) मशिनरी, हप्ते, व्याज आणि मालकाची उचल वजा करा, नवं कर्ज आणि सीसीतली वाढ मिळवा. रोख अधिक बँक शिल्लकेतला फरक तेवढाच यायला हवा. जुळला नाही तर आधी कॅपिटल खातं उघडा. घरखर्चाची उचल बहुधा तिथेच सापडते.