तळ्याच्या काठाला अळू लावावं की कमळ?

शेततळ्याला प्लास्टिक अंथरून झालं, पाणी भरलं, की काठ उघडाबोडका दिसायला लागतो. शोभेचं आणि वर खाण्याजोगंही काही लावायचं म्हटलं तर आपल्या भागात गोष्ट अळू आणि कमळ यांवरच येऊन थांबते. वेखंड काठावर देखणा दिसतो, पण भाजीत जात नाही. शिंगाडा काठाचा नव्हेच. अमळनेरकडच्या आमच्या शेतात मी अळू आणि कमळ दोन्ही लावून पाहिले, त्यावरून हे लिहितोय. तुमची माती, तुमचं पाणी वेगळं असेल, तेवढी सूट धरून वाचा.

देखणेपणात कमळाशी बरोबरी नाही. खानदेशचं ऊनही त्याला मानवतं. पारा ४४-४५ वर गेला तरी मुळांवर पाणी असलं की पानं ताठ उभी. आपली काळी माती तर त्याच्यासाठीच घडवल्यासारखी, चिकट असल्याने पाण्यात विरघळून वर येत नाही. फूल सकाळी उघडतं, दुपारपर्यंत मिटायला लागतं आणि तीनेक दिवसांत पाकळ्या गळतात. अळूचं तसं नाही. वैशाखातल्या झळांनी त्याच्या पानांच्या कडा करपतात, पश्चिमेकडून केळीची किंवा शेवग्याची सावली नसेल तर फारच.

इथपर्यंत कोणीही कमळच निवडेल. मीही निवडलं होतं. पण तळ्याचा काठ एका जागी राहत नाही, आणि माझा निकाल तिथेच लागला.

दिवाळीत जिथे पाणी टेकलेलं असतं, तिथून ते फाल्गुनात कितीतरी खाली गेलेलं असतं. काही पिकाला दिलं, काही उन्हाने नेलं. प्लास्टिकवर माती ठरत नाही, म्हणून कमळ निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावायचं आणि तळ्यात ठेवलेल्या पायरीवर मांडायचं. पायरी ठेवलीच नसेल तर उतारावर ड्रम उभा राहत नाही, तो विषय तिथेच मिटला. पाणी उतरलं की ड्रम कोरड्या पायरीवर उघडा पडतो आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे कमळ जोरात वाढायच्या दिवसांत, त्याला बादलीने पाणी घालत बसावं लागतं. तेही शेवाळलेल्या प्लास्टिकवरून खाली उतरून. पाचशे मायक्रॉनचा तो कागद ओला असला की पाय ठरत नाही. दोर बांधूनही मला दर वेळी धाकधूक वाटायची, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला उतरू द्यायचा तर प्रश्नच नव्हता. दोन फुलांसाठी हे रोज कोण करणार?

अळूला तळ्यात उतरावंच लागत नाही. आम्ही ते बांधाच्या बाहेरच्या अंगाला, ठिबकचा सँड फिल्टर धुतल्यावर पाणी पडतं तिथे चर काढून लावलंय. काठाला हिरवा पडदा होतो आणि पाणी वाया जात नाही. पाणी साचून तापू देऊ नका, कंद कुजतो. वाहतं, ओलं राहिलेलं बरं. उन्हाळ्यात पानं गेली तरी कंद जमिनीत तग धरतो आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा फुटतो. श्रावणात वड्या, ऋषिपंचमीला भाजी, पुढे अळकुड्या, असं ते घरात येत राहतं.

कमळकाकडीचं खरं सांगायचं तर सिंधी घरांत तिचं जेवढं कौतुक, तेवढं आमच्याकडे नाही. शिवाय अर्ध्या ड्रममधून एखाद-दुसऱ्या भाजीपुरतीच निघते, तीही सगळा चिखल उपसून. सगळे कंद काढले तर पुढच्या वर्षी लावायला काय? आईचा शेरा ठरलेला असायचा, 'कमय देखाले भारी शे, पन खावाले काय शे?'

अळूची खाज हा दोष खरा आहे. चिंच किंवा आंबट ताक आणि नीट शिजवणं, एवढ्यावर ती आवरते, पण ज्यांच्या घशाला ती सोसतच नाही त्यांनी माझं ऐकू नये. घराजवळ सिमेंटचा हौद असेल तर कमळ तिथे जरूर लावा. पाणी हाताशी राहतं, गप्पी मासे सोडले की डासही नाहीत. आमचा ड्रम आता हौदातच आहे.

अळूचे कंद घेताना मात्र वडीसाठी काळपट देठाचे घ्या, आणि ज्याने स्वतः खाल्लंय त्याच्याकडूनच. गटाराच्या नाल्यात माजलेलं आणू नका. नर्सरीत मिळणारं लाल-गुलाबी पानांचं कॅलेडियम अळूसारखं दिसतं, पण ते विषारी, कुंडीतच शोभतं. लावणी पावसाच्या तोंडावर करा, दोन कंदांत हातभर अंतर ठेवून.