स्कॉटिश पार्लमेंट, एडिंबरा: गुरुवारचा फड सोडा, समितीत जाऊन बसा

रेटिंग द्यायचंच तर पाचात साडेतीन. बिल्डिंगला वेगळं, गुरुवारच्या प्रश्नोत्तरांना वेगळं आणि समित्यांना वेगळं देता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण तिन्हींचा दर्जा एकसारखा नाहीये.

आधी हे सांगते की मी पर्यटक म्हणून लिहीत नाहीये, इथे राहते, टॅक्स भरते, पोराची शाळा इथे, डॉक्टर इथला, त्यामुळे ही माझ्यासाठी सर्व्हिसच आहे. स्कॉटलंडचं स्वतःचं सरकार आहे, शाळा, हॉस्पिटलं, पोलीस, ट्रेन, फेरी बोटी असली बरीचशी खाती त्याच्याकडे, वर्षाचं बजेट साठ बिलियन पौंडांच्या वर, आणि हे सगळं नीट चाललंय का ते विचारायचं काम होलीरूडमधल्या, म्हणजे या पार्लमेंटमधल्या, १२९ आमदारांचं. विधान परिषदेसारखं वरचं सभागृह नाही, म्हणजे खालून काही निसटलं तर वर अडवणारं कोणी नाही, जे काय पकडायचं ते इथेच. व्हिसाचं रडगाणं मात्र इथे नेऊ नका, इमिग्रेशन लंडनकडे आहे, इथले आमदार फार तर सहानुभूती दाखवतील.

वेव्हर्ली स्टेशनवरून रमतगमत पंधरा मिनिटं, रॉयल माईल उतरत उतरत अगदी तळाला, समोर राजवाडा, मागे आर्थर्स सीटचा डोंगर. आत शिरताना एअरपोर्टसारखं चेकिंग, पण माणसं हसतमुख. एंट्री फुकट. आमदाराची चिठ्ठी लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. माझे सासरे मंत्रालयातून रिटायर झालेत, ते आले होते तेव्हा त्यांना हे पटेचना, दोनदा विचारलं, "पास कुणाच्या सहीने?" म्हटलं बाबा, कुणाच्याच नाही, तुम्ही फक्त पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा.

बिल्डिंगबद्दल लोक फार भांडतात. एन्रिक मिरायेस नावाच्या स्पॅनिश आर्किटेक्टची, तो बिचारा २००० मध्येच गेला, पुरी झालेली बघायलाच नव्हता. सुरुवातीला १० ते ४० मिलियन पौंड म्हणाले होते, शेवटी ४१४ मिलियन झाले आणि तीन वर्षं उशीर, २००४ मध्ये एकदाची उघडली, चौकशी बसली, रिपोर्ट आला. म्हणजे ज्यांनी सरकारच्या खर्चावर नजर ठेवायची त्यांच्या स्वतःच्या घराचाच हिशोब असा. वर २००६ मध्ये सभागृहाच्या छतातली एक लाकडी तुळई सुटून लोंबकळायला लागली, सभागृह बंद करून दुसरीकडे बसावं लागलं. मला स्वतःला आतून आवडते, भरपूर लाकूड आणि उजेड, बाहेरून मात्र कुणी अर्धवट सोडून गेल्यासारखी वाटते.

आता मुख्य माल. सगळे जातात ते गुरुवारी दुपारी बाराला, फर्स्ट मिनिस्टरच्या, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांच्या, प्रश्नोत्तरांना, पाऊण तास चालतं. तिकीट फुकट पण आधी बुक करावं लागतं आणि पटकन संपतं. माझं प्रामाणिक मत, एकदा बघा आणि सोडून द्या. विरोधी नेता उठतो, एखाद्या पेशंटची गोष्ट सांगतो, ए अँड ई मध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, किती तास पडून होता वगैरे, गोष्ट खरी असते, ऐकून वाईटही वाटतं, मग फर्स्ट मिनिस्टर आधी दिलगिरी व्यक्त करतात आणि लगेच आकड्यांवर येतात, इंग्लंडपेक्षा आमचं बरं, वेल्सपेक्षा आमचं बरं, झालं. चार तासांत ९५ टक्के पेशंट बघून व्हायला हवेत हे टार्गेट वर्षानुवर्षं हुकतंय, आणि वर्षानुवर्षं गुरुवारी त्यावर हाच सवाल-जवाब होतो. त्यात सत्ताधारी बाकावरचा कुणीतरी उठून "फर्स्ट मिनिस्टर माझ्याशी सहमत होतील का की सरकारने उत्तम काम केलंय" असा प्रश्न टाकतो आणि फर्स्ट मिनिस्टर आश्चर्यकारकरीत्या सहमत होतात. आपल्याकडची सभागृहं बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, फक्त कुणी वेलमध्ये उतरत नाही आणि राजदंड जागेवर राहतो. गॅलरीत बसून टाळ्या-घोषणा चालत नाहीत, आमदार मात्र खुशाल टाळ्या वाजवतात.

खरी किंमत वसूल होते ती समितीत. मंगळवार ते गुरुवार सकाळी वेगवेगळ्या खोल्यांत समित्या बसतात, आरोग्य, शिक्षण, वाहतूक असं सगळं, आणि साक्षी होतात त्या उघड, कुणीही जाऊन मागे बसावं. घरबसल्या पार्लमेंटच्या टीव्ही चॅनेलवर लाइव्ह बघता येतं आणि बोललेला शब्द न शब्द छापूनही येतो. आपल्याकडे लोकलेखा समिती बंद दाराआड बसते आणि कॅगचा अहवाल बरेचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो म्हणजे चर्चेला वेळच नको, त्या सवयीने गेलं की इथलं बघून जरा बावचळायला होतं.

आम्ही गेलो ती पब्लिक ऑडिट कमिटी. पद्धत अशी की ऑडिटर जनरल म्हणून सरकारपासून स्वतंत्र माणूस असतो, तो खात्यांचे, हॉस्पिटलांचे, कॉलेजांचे हिशोब तपासून रिपोर्ट देतो, मग समिती त्या खात्याच्या बड्या अधिकाऱ्याला समोर बसवून विचारते. मंत्री नाही, अधिकारी, कारण सही त्याची असते. लांबट गोल टेबल, समोर पाण्याचे ग्लास, सुरुवातीला अध्यक्ष सांगतात की माइकला हात लावू नका, तो आपोआप चालू होईल. तरी साहेबांचा हात दर वेळी माइककडेच जात होता. आवाज चढत नाही, कुणी कुणाला गद्दार म्हणत नाही, फक्त एक बाई अगदी शांतपणे तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या पद्धतीने विचारत राहिल्या, हे पैसे द्यायचा निर्णय कोणत्या तारखेला झाला आणि तो कागदावर कुठे आहे, आणि साहेब प्रत्येक वेळी "व्यापक संदर्भ" समजावत राहिले. शेवटी म्हणाले, मी समितीला लेखी कळवेन. बाबा लगेच माझ्या कानात, "सुटला. माहिती घेऊन कळवतो म्हणाला म्हणजे सुटला." चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता तो.

पण इथेच तर गंमत आहे, सुटत नाही. ते पत्र खरंच येतं, नाही आलं तर समितीचे क्लार्क मागे लागतात, आणि आलं की समितीच्या पानावर जसंच्या तसं टाकतात, तुम्ही-आम्ही कुणीही वाचू शकतो. घरी आल्यावर मी बाबांना त्याच समितीची आधीची पत्रं उघडून दाखवली, म्हातारा रात्री अकरापर्यंत वाचत बसला होता, मधूनमधून "हे असं लिहून द्यायचं?" असं म्हणत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे फेरी बोटींचं प्रकरण, इथे राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असेल. पश्चिमेकडच्या बेटांसाठी दोन जहाजं, २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन या जहाजबांधणी यार्डला ९७ मिलियनचं कंत्राट, २०१८ ला मिळायची होती. २०१७ मध्ये पहिल्या जहाजाचं, ग्लेन सॅनॉक्सचं, थाटामाटात जलावतरण केलं, तर त्याच्या खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या, खऱ्या काचा नव्हत्याच. पुढे यार्ड डबघाईला आलं, सरकारने ताब्यात घेतलं, खर्च ४०० मिलियनच्या पुढे गेला आणि ग्लेन सॅनॉक्स ॲरन बेटाच्या मार्गावर धावायला लागलं ते जानेवारी २०२५ मध्ये. तेही ज्या बंदरातून सुटायचं तिथे मावत नाही म्हणून ट्रून या दुसऱ्या बंदरातून.

यात पार्लमेंटने काय केलं? एका समितीने २०२० मध्येच हे सपशेल अपयश आहे असं लिहून दिलं. मग ऑडिटर जनरलचा २०२२ चा रिपोर्ट, त्यात असं की यार्डकडून पूर्ण हमी मिळत नसताना मंत्र्यांनी हा धोका का पत्करला याचा कागदच नाही. मग गदारोळ, आणि दोनेक महिन्यांत त्याच निर्णयाचा एक ईमेल "सापडला". त्या वर्षी पब्लिक ऑडिट कमिटीने खुद्द फर्स्ट मिनिस्टरला, निकोला स्टर्जन यांना, समोर बसवलं. मुख्यमंत्री लोकलेखा समितीपुढे उघड्यावर उत्तरं देतायत, कल्पना करून बघा. हे पाच स्टारचं काम. पण मग पुढे? जहाज लवकर आलं का, नाही. पैसे परत आले का, नाही. बेटावरच्या माणसाला हॉस्पिटलची अपॉइंटमेंट गाठायला फेरी मिळाली का, तर तीही नाही. म्हणून माझे मार्क कापले गेले ते इथे. विचारतात उत्तम, उत्तर छापून घेतात उत्तम, त्याच्यापुढे हातात फारसं काही नाही, रिपोर्टला सरकार उत्तर देतं, आम्ही शिफारशींची नोंद घेतली वगैरे, आणि गाडी पुढे.

कायद्याने अधिकार आहेत तसे, १९९८ च्या स्कॉटलंड ॲक्टमध्ये साक्षीदार आणि कागद मागवायची ताकद दिलीय, नाही दिलं तर गुन्हा. पण वापरायची वेळ आली की पक्ष आडवा येतो. २०२० मध्ये सॅमंड प्रकरणात, म्हणजे माजी फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांच्याविरुद्धच्या तक्रारी सरकारने कशा हाताळल्या त्या चौकशीत, सरकारने घेतलेला कायदेशीर सल्ला द्या असा ठराव सभागृहाने दोनदा पास केला, सरकार ढिम्म, आणि मग डेप्युटी फर्स्ट मिनिस्टरवर अविश्वास ठराव यायची वेळ आली तेव्हा कुठे काही कागद बाहेर पडले. १२९ मधून मंत्री वजा केले की समित्यांना माणसंच पुरत नाहीत, एकेकजण दोन-दोन ठिकाणी, त्यात पक्षाने मधेच उचलून दुसऱ्या समितीत टाकायचं, म्हणजे विषय जरा कळायला लागला की बदली. समितीवर कोण जाणार हे पक्षाचे लोक ठरवतात, मग आपल्याच सरकारला टोचणारा कुणी कशाला पाठवतील.

पिटिशनचं खातं मात्र मला मनापासून आवडलं. एक सही पुरते, एकच, लाखभर सह्या गोळा करायची गरज नाही. तुमच्या गल्लीतल्या खड्ड्यासाठी नाही चालणार, धोरणाचा प्रश्न हवा, आणि आधी सरकारला किंवा आमदाराला विचारून झालेलं हवं, एवढीच अट. मेश इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून शरीरात घातलेली जाळी, बसवलेल्या बायका आठवतायत का, भयंकर दुखणं, कुणाची चालायची पंचाईत, डॉक्टर म्हणायचे तुमच्या मनाचे खेळ आहेत. त्यांनी २०१४ मध्ये याच खिडकीवर अर्ज टाकला, समितीपुढे बसून सांगितलं, त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी ती ऑपरेशनं थांबवायला सांगितली, आणि २०२२ मध्ये ज्यांनी स्वतःच्या खिशातून मेश काढून घेतलं होतं त्यांचे पैसे परत द्यायचा कायदा झाला. आठ वर्षं लागली, हो, पण कुणा साहेबाच्या ओळखीशिवाय झालं.

माझा स्वतःचा अनुभव त्यामानाने किरकोळ. मुलाच्या स्पीच थेरपीचं वेटिंग, फोन केला की "तुम्ही यादीत आहात" एवढंच उत्तर, यादीत कितवे ते नाही. इथे प्रत्येकाला आठ आमदार असतात, एक मतदारसंघाचा आणि सात प्रदेशाचे, हे बऱ्याच आपल्या लोकांना माहीतच नाही. मतदारसंघवाल्याकडून फक्त पोच आली. प्रदेशातल्या एका बाईंच्या ऑफिसने मात्र आधी माझी लेखी परवानगी घेतली, मग त्या खात्याला पत्र टाकलं, आणि त्याच्या उत्तराची कॉपी मला पाठवली, साधारण किती महिने लागतील आणि माणसं किती कमी आहेत याच्यासकट. नंबर पुढे नाही सरकला, तशी मागणीही नव्हती, पण निदान खासगीत दाखवायचं की थांबायचं हे ठरवता आलं. जिथे फोनवर मला चार शब्द मिळत नव्हते तिथून आमदाराला दोन पानी पत्र येतं, यावरून काय ते समजा.

आणि हो, इंडियन पासपोर्ट असला, अगदी स्टुडंट व्हिसावर असलात तरी इथे राहत असाल तर या पार्लमेंटला तुम्हाला मत देता येतं, कॉमनवेल्थचे म्हणून. नाव मात्र नोंदवावं लागतं. गणपतीत आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर अर्ध्या लोकांनी फॉरवर्ड समजून सोडून दिलं.

जाणार असाल तर आदल्या दिवशी समितीचा अजेंडा बघून जा. पहिला तास-दीड तास साक्ष उघड असते, त्यानंतर बहुतेक वेळा "खासगी" बैठक लिहिलेली असते, तेव्हा पब्लिकला नम्रपणे बाहेर काढतात. म्हणजे उशिरा पोचलात तर फक्त खुर्च्या बघायला मिळतील. आणि विषय बघून निवडा, एखाद्या सकाळी नुसते नियमांचे कागद मंजूर करत बसतात, ते ऐकून बाबासुद्धा झोपले असते.