पुढच्या चाकाची खटखट: लिंक रॉड बदलून काही महिने वापरल्यानंतर

डाव्या पुढच्या चाकातून खटखट येते म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली, तर एस्टिमेट आलं: दोन्ही शॉकअप, दोन्ही स्ट्रट माउंटिंग (शॉकअप-स्प्रिंगचा जोड, म्हणजे स्ट्रट, वरून बॉडीला जिथे बसतो तो भाग), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारा भाग). तपासणी म्हणाल तर डाव्या बाजूला जॅक लावला, चाक हाताने हलवलं आणि लगेच सहीसाठी कागद पुढे केला. मी सही केली नाही. ज्यांच्यापुढे असाच कागद येणार आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

आवाज नेमका कधी येतो हे आधी पाहा. आमची गाडी बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, हळू चालवताना वाजायची. पेव्हर ब्लॉकवर तर सलग. पण रुंद स्पीडब्रेकर सरळ ओलांडला की आवाज नाही, आणि लांब वळणावर कमी. ब्रेकवर हलका पाय ठेवूनही खटखट तशीच, म्हणजे ब्रेक पॅड सैल असण्याची शक्यता बरीच कमी. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी वरून कट्ट असा आवाज नाही, म्हणजे स्ट्रटच्या बेअरिंगवरही संशय नको.

स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात. स्टॅबिलायझर बार, म्हणजे गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी दांडी, तेव्हा आपल्या बुशांमध्ये (रबरी पकडींमध्ये) नुसता फिरतो. त्याचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी म्हणजे लिंक रॉड, तिच्यावर जोर येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो, लिंक रॉड क्षणात ओढला आणि क्षणात दाबला जातो, आणि त्याच्या टोकाचा बॉल झिजला असेल तर तो आतल्या आत आपटतो. वळणावर जोर एकाच दिशेने राहतो, म्हणून आवाज दबतो. शॉकअप किंवा बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारं रबर) गेला असता तर स्पीडब्रेकरवरच सगळ्यात जास्त कळलं असतं. शॉकअप मी टॉर्च लावून पाहिले होते. तेलाचा ओघळ नाही, कोरडे ठणठणीत.

आणि तो जॅक! एक बाजू उचलली की बार पिळून ताणलेला राहतो आणि लिंक रॉडमधला प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, त्या ताणाखाली लपतो. दोष असूनही हाताला काही लागत नाही. तपासायचं तर गाडीचं वजन चारही चाकांवर हवं, म्हणजे गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा चढत्या रॅम्पवर, आणि लिंक रॉड थेट हातात धरून हलवायला हवा. बाहेरच्या मेकॅनिकने असंच केलं. त्याने मला खाली बोलावून हात लावायला लावला: गाडी वरून कोणी हलवली की बोटांना टक्, टक् स्पष्ट जाणवत होतं. एवढी साधी तपासणी न करता सहा पार्ट लिहून देणं मला अजिबात पटत नाही.

दोन्ही लिंक रॉड बदलले आणि खटखट त्याच दिवशी गेली. बाहेरच्या कंपनीची स्वस्त जोडी घेतली होती. तेव्हाच लिहिलं असतं तर हीच जोडी घ्या म्हणून सांगितलं असतं. पावसाळा संपता संपता मात्र डावीकडून पुन्हा बारीक टकटक सुरू झाली. काढून पाहिलं तर खालच्या बॉलवरचं रबरी आवरण (बूट) चिरलेलं, आत ग्रीसऐवजी तांबूस पाणी. बॉलचा खुंट स्वतःच्या वजनाने लुळा पडत होता. नव्या ओरिजिनल रॉडचा खुंट अंगठ्याने जोर लावून हलवावा लागतो. मजुरी दोनदा गेली की स्वस्त जोडी स्वस्त उरत नाही. आता माझं मत ठाम आहे: लिंक रॉड ओरिजिनलच.

सर्व्हिस सेंटरच्या यादीतली एक गोष्ट मात्र खरी निघाली. उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला आरपार चीर होती. जोराचा ब्रेक लावला की गाडी किंचित बाजूला सरकायची ती त्यानेच. फक्त बुश प्रेस करून बदलला, मग अलाइनमेंट. हे काम करून घेताना एका गोष्टीवर नजर ठेवा: चाकं लोंबकळत असताना बुशचा बोल्ट पूर्ण आवळू देऊ नका. गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वजन चाकांवर आलं की मगच शेवटचा पाना. आमच्या मेकॅनिकने न सांगता तसंच केलं, आणि त्यामुळे पुढची कामंही त्याच्याकडेच.

सध्या सकाळी पहिल्या स्पीडब्रेकरवर बारची दोन्ही रबरं कुरकुरतात. त्यावर साधं ग्रीस किंवा ऑईल मारून घेऊ नका, रबर फुगतं. ती रबरं पुढच्या सर्व्हिसला बदलणार आहे.